सोजरबाईंची निराधार सासू

सोजरबाईंनी स्वतःच्या सासूला आमच्या वृद्धाश्रमात निराधार म्हणून ठेवलं होतं, आणि मला ते आठवडाभरात कळलं होतं. मी कुणाला बोललो नाही. त्यात माझा मोठेपणा वगैरे काही नाही, हे आधीच सांगून टाकतो. सोजरबाई गेल्या असत्या तर आश्रम बंद पडला असता, एवढंच मला दिसत होतं.

मी तिथला व्यवस्थापक. त्याआधी शिरूरच्या एसटी डेपोत कंट्रोलर होतो. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या आणि दुसऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या. निवृत्त झाल्यावर दोन महिने घरात बसलो, तर बायकोच म्हणाली, कुठंतरी जा बाबा. त्याच सुमारास हौसरावांनी बोलावलं. हौसराव म्हणजे आमच्या भागातले मोठे बागायतदार, गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन. न्हावऱ्याच्या रस्त्याला त्यांची पोल्ट्रीची दोन लांबलचक शेडं होती. कोंबड्यांनी हात दाखवला, तसे त्यांनी शेडांना खिडक्या पाडल्या, खाली फरशी घातली, भिंतींना चुना मारला आणि ट्रस्ट काढून वृद्धाश्रम सुरू केला. ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. पावसाळ्यात हवा कोंदली की जमिनीतून अजूनही कोंबड्यांचा वास वर यायचा. म्हातारी माणसं कुरकुरायची, "आप्पा, आज लई वास सुटलाय." मी म्हणायचो, "मग बसा अंडी उबवत."

आश्रमात दोन तऱ्हेची माणसं होती. एक, ज्यांची पोरं दरमहा पैसे भरायची आणि दिवाळीला तोंड दाखवायची. दुसरी निराधार, त्यांचं सगळं ट्रस्ट बघायचा. आणि एक नियम होता. पहिल्या वर्षी स्वयंपाकाच्या बाईने आधी आपली आई आणून ठेवली, मग मावशी, मग मावशीचा दीर, आणि गरम भाकरी त्या तिघांना पहिली. हौसरावांचं डोकं फिरलं. त्यांनी तिघांना आणि बाईला टेम्पोत बसवून घरी धाडलं आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, कामावरच्या माणसाच्या नात्यातलं कुणी इथं राहणार नाही. सापडलं तर दोघंही बाहेर.

सोजरबाई त्यानंतर कामाला आल्या. मूळच्या दौंडकडच्या. नवरा दौंडला रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाल होता, दारूने लवकर गेला. पदरात एक पोरगा, सुमित. नवरा गेल्यावर माहेरची माणसं न्यायला आली होती, पण सासूने, कुशाबाईने, दारात उभं राहून त्यांना परतवून लावलं. दोघी पोराला घेऊन शिरूरला आल्या, आणि वस्तीत एका खोलीत राहिल्या. कुशाबाई मार्केट यार्डाबाहेर बसून मेथी, शेपू, चुका विकायच्या आणि सोजरबाई मिळेल ते काम करायच्या. कुशाबाईचा स्वभाव गोड होता असं कुणी सांगणार नाही. सुनेने भाजीत मीठ जास्त घातलं तर ताट सरकवून उठायच्या. पण आपल्या गल्ल्यातून नातवाची आयटीआयची फी त्यांनीच भरली.

आता सोजरबाईंचं काम काय, ते सांगतो, कारण आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना ते कधीच दिसत नसे. सकाळी सातला आल्या की अंथरुणात पडून असलेल्यांची भांडी काढायची. खालची रबरी चादर धुवायची. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर थोड्या वेळाने प्रत्येकाची कूस बदलायची, पावडर लावायची. ज्यांना दात नाहीत त्यांना भात कुस्करून भरवायचा. त्यांनी तो अंगावर थुंकला तर पुसायचा, आणि पुन्हा भरवायचा. हे सगळं एकटीने. दुसऱ्या बायका यायच्या, आठ दिवस नाकाला पदर लावून फिरायच्या आणि पळायच्या. रांजणगावच्या कंपन्यांत तेवढ्याच पगारात पॅकिंगचं काम मिळत होतं, मग इथं कोण थांबतंय?

त्यात वाढदिवस. शिरूरच्या कुणा शेठच्या नातवाचा वाढदिवस, कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस, की निघाले वृद्धाश्रमात केळी वाटायला. फोटो काढायचे, म्हाताऱ्यांच्या पाया पडायचं आणि जायचं. एका रविवारी तीन वाढदिवस आले. म्हाताऱ्यांनी हाताला येतील तेवढी केळी खाल्ली, आणि सोमवारी सोजरबाई दिवसभर चादरी धूत होत्या. मी त्या रविवारनंतर गेटवर पाटी लावली, केळी आणू नयेत. हौसरावांनी ती काढायला लावली. दानशूर माणसं दुखावतात म्हणे.

अशा कामावरून सोजरबाई संध्याकाळी घरी जायच्या, आणि घरी कुशाबाई. तोवर कुशाबाईंचे गुडघे गेले होते, नजर अधू झाली होती, भाजी विकणं सुटलं होतं. सुमित कंपनीत ठेकेदाराकडे, आज या पाळीला तर उद्या त्या. म्हातारी दिवसभर एकटी. एक दिवस सोजरबाई घरी गेल्या तर कुशाबाई उंबऱ्याशी पडलेल्या. सकाळीच पडल्या होत्या. हाक मारून मारून आवाज बसला होता, लुगडं भरलं होतं, आणि शेजारी सगळे कामाला गेलेले. इथं वीस म्हाताऱ्यांच्या कुशी बदलून बाई घरी गेली, तर तिची स्वतःची म्हातारी दिवसभर एकाच कुशीवर पडून होती. हे मला सोजरबाईंनी खूप नंतर सांगितलं, आणि सांगताना सुद्धा त्या एका म्हातारीचे पाय चोळतच होत्या.

मग एका दुपारी कोंडिबा नावाचा टमटमवाला एका म्हातारीला घेऊन गेटवर आला. म्हणाला, "आप्पा, ही आजी कवापासून ष्टँडावर बसून हाय. हिला कोन न्हाई. ठिवा हितं, पुण्य लागंल." म्हातारीला विचारलं, नाव काय? "कुशाबाई." पोरंबाळं? "न्हाईत." नातेवाईक? "माला कोन न्हाई." उत्तरं फार पटापट आली. एसटीत मी खोटे पास घेऊन चढणारी माणसं ओळखत आलो होतो, तेव्हा मला शंका आली होती. पण खाट रिकामी होती, म्हातारी खरोखर थकलेली होती, आणि मला जेवायला उशीर झाला होता.

पुढे त्यांचं पितळ उघडं पडलं ते असं. सोजरबाई दिवसभर कमरेला पदर खोचून, डोकं उघडं ठेवून काम करायच्या. आश्रमात असतील नसतील तेवढ्या म्हाताऱ्यांपुढून तशाच जायच्या. पण कुशाबाईंच्या खाटेशी आल्या की हात आपोआप वर जायचा आणि डोक्यावर पदर यायचा. खाटेवरून पुढं सरकल्या की पदर पुन्हा खाली. भांडं काढायचं असलं तरी आधी डोक्यावर पदर, मग भांडं. मी खुर्चीत बसून हे दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हणालो, "बाई, पदर तरी सांभाळा. एकाच म्हातारीला मान दिला तर बाकीच्यांना राग येईल." त्यांच्या तोंडावरचं रक्तच उतरलं. मी म्हणालो, "मला काही माहीत नाही. आणि हौसरावांनाही काही माहीत नाही. जा, कामाला लागा."

त्या दिवसापासून त्यांनी पदर आवरला. पण नाव घेणं त्यांना फार जड गेलं. घरी त्या सासूला आत्याबाई म्हणायच्या. इथं बाकीच्यांना नावाने हाक मारायची तर हिलाही मारायला हवी. पहिल्यांदा "ओ कुशाबाई, उठा" म्हणाल्या तेव्हा त्यांचा आवाज असा फुटला की मी वर बघितलं. कुशाबाई मात्र बेरकी. लगेच म्हणाल्या, "उठते की, वराडती कशाला? पगार घेती न्हवं?" आणि पुढची सगळी वर्षं ते असंच चाललं. कुणाला संशय येऊ नये म्हणून सोजरबाई सासूशी जरा कडकच वागायच्या. गरम पाणी आधी दुसऱ्यांना, धुतलेलं लुगडं आधी दुसऱ्यांना, कुशाबाई शेवटी. आपल्या माणसाला शेवटी ठेवायचं आणि तोंडावर काही दिसू द्यायचं नाही, हे रोज करून बघा म्हणजे कळेल. मला तर बघूनच शीण यायचा.

कुशाबाईंच्या शेजारच्या खाटेवर मुक्ताबाई होत्या. दौंड तालुक्यातल्या ऊसवाल्या घरच्या, पोरं कारखान्याच्या राजकारणात. आल्या आल्या त्यांनी कुशाबाईंना विचारलं होतं, "कुनाच्यातली गं तू?" कुशाबाई म्हणाल्या, "जयभीमवाल्यातली. का? खाट हालवायची का तुझी?" मुक्ताबाईंनी खरंच खाट हलवायला सांगितली. मी सांगितलं, हलवायची असेल तर स्वतः ढकला. त्यांना काही ढकलता आली नाही. पुढे त्यांची दोस्ती झाली ती मिश्रीवरून. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड दातांना लावायची सवय दोघींना, आणि आश्रमात तिला बंदी. मुक्ताबाईंच्या पोरांनी मिश्री आणून द्यायचं नाकारलं होतं. कुशाबाईंकडे मात्र कुठून तरी पुडी यायची. कुठून यायची ते मला ठाऊक होतं. सकाळी दोघी खाटेच्या कडेला पाय सोडून बसायच्या, दात घासत घासत सुनांना नावं ठेवायच्या. मुक्ताबाई म्हणायच्या, "तुला तर सून न्हाई, तुला काय कळतंय?" कुशाबाई म्हणायच्या, "ऐकून म्हाईत हाय."

चौदा एप्रिलला सोजरबाई रजा मागायच्या. जयंतीची मिरवणूक शिरूरच्या पेठेतून निघायची. पहिल्या वर्षी कुशाबाई पहाटेच पांढरं लुगडं नेसून खाटेवर बसल्या आणि कुणाशी बोलेनात. मी सोजरबाईंना सगळ्यांसमोर म्हणालो, "बाई, तुम्ही जाताच आहात, तर या आजीलाही न्या. एकटी आहे बिचारी." तेवढी एक सोय मी दरवर्षी केली. दोघी गेटमधून बाहेर पडल्या की रस्त्याच्या वळणापर्यंत लांब लांब चालायच्या, आणि वळणानंतर सोजरबाई त्यांचा हात धरायच्या. वर्षातून तेवढाच एक दिवस त्या सासू-सुना असायच्या.

अशी पाच वर्षं गेली. सोजरबाईंची कंबर बसली. उभ्या राहताना दोन्ही हात गुडघ्यावर टेकून उठायच्या. हातांची बोटं फिनेलने फुटली होती. मी त्यांना म्हणायचो, दोन दिवस घरी बसा. त्या म्हणायच्या, "घरी बसून काय करू आप्पा? घरी कोन हाय?" मलाही सगळ्याचा कंटाळा आला होता. माणसं यायची, थोडे दिवस दाराकडे बघायची, मग बघणं सोडायची, मग एक दिवस खाट रिकामी व्हायची आणि आम्ही चादर बदलायचो. मी रोज ठरवायचो की उद्या राजीनामा द्यायचा, आणि रोज चहा पिऊन हजेरी घ्यायला बसायचो.

मग सुमित परमनंट झाला. रांजणगावात दोन खोल्या घेतल्या, लग्न ठरलं. मुलगी राजश्री, डी.एड. झालेली. लग्नात पाहुण्यांनी विचारलं, कुशाबाई कुठाय? सोजरबाईंनी सांगितलं, दौंडला भाच्याकडे आहेत, आजारी आहेत. नातवाच्या लग्नाला आजी नाही म्हणून चार लोक चार तोंडांनी बोलले. मी कुशाबाईंना न्यायला सांगितलं होतं, पण हौसराव स्वतः लग्नाला येणार होते. आले, आहेर केला आणि जेवून गेले.

दुसऱ्या दिवशी सोजरबाई लाडवांचा डबा घेऊन आश्रमात आल्या. सगळ्यांना रांगेत बसवलं आणि एकेक लाडू वाटत गेल्या. कुशाबाईंपाशी आल्या. कुशाबाईंनी हात पुढं केला. मुक्ताबाईंनी विचारलं, "कशाचा गं लाडू?" कुशाबाई म्हणाल्या, "ह्या बाईच्या पोराचं लगीन झालं म्हनं. गोड लागतोय, खा." सोजरबाई डबा खाली ठेवून मोरीत गेल्या. बराच वेळ नळाचा आवाज येत होता. मी गेलो तर त्या नळाखाली हात धरून नुसत्या उभ्या होत्या. म्हणाल्या, "बास झालं आप्पा. मी तेंला घरी न्हेनार. सुमित बी म्हनतोय, राजश्री बी म्हनतीया. हौसरावांच्या पाया पडंन, काय करायचं ते करू द्या. पर आता आत्याबाईंला आत्याबाई म्हनायचं हाय मला."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? बाई गेली तर माझे हाल होणार हे दिसत असूनही बरं वाटलं.

हौसराव शनिवारी यायचे. त्या शनिवारी सोजरबाई नव्या लुगड्यात आल्या. सुमितने बाहेर रिक्षा उभी केली होती. हौसराव खुर्चीत बसले आणि सोजरबाईंनी सगळं एका दमात सांगितलं. कुशाबाई माझी सासू आहे, मी खोटं बोलून ठेवली, माझं चुकलं, आता घरी नेते, मला कामावरूनही काढा.

हौसरावांचा चेहरा लाल झाला. "पाच वर्सं? पाच वर्सं तुम्ही आम्हाला येड्यात काढलं? आप्पा, तुम्हाला हे ठावं होतं?"

मी म्हणालो, "आधी म्हातारीला विचारा. मग माझी सालं काढा."

कुशाबाईंना धरून आणलं. मागोमाग मुक्ताबाई भिंतीला धरून आल्याच. हौसरावांनी आवाज खाली आणून विचारलं, "आजी, ह्या बाईला वळखता का?"

"वळखते की. सोजरबाई. कामाला हाय."

"ही तुमची सून?"

"कुनाची सून?" कुशाबाईंनी डोळे बारीक केले. "माला कोन न्हाई. सून आसती तर ष्टँडावर बसले आसते का मी?"

सोजरबाई म्हणाल्या, "आत्याबाई!" पाच वर्षांत त्या शेडात पहिल्यांदा. कुशाबाई खिडकीकडे बघत राहिल्या. सोजरबाईंनी त्यांचा हात धरला तर त्यांनी तो सोडवून घेतला आणि मुक्ताबाईंना म्हणाल्या, "चल गं. ही बाई लई दमलीया, तिला कायबी सुचतंय."

हौसराव मोठ्याने हसले. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. म्हणाले, "बाई, माया लागती, मी समजू शकतो. म्हातारीला घरी न्यायची इच्छा झाली, चांगलंय. पर तिला यायचं न्हाई. तुम्ही काम सोडा, पोराच्या संसारात सुखानं ऱ्हावा. म्हातारीची काळजी करू नका, ट्रस्ट हाय." आणि ते निघून गेले. सोजरबाई तिथंच खाली बसल्या. मग दोन्ही हात गुडघ्यावर टेकून उठल्या आणि रिक्षात जाऊन बसल्या.

मी तरातरा कुशाबाईंच्या खाटेपाशी गेलो. संताप आला होता मला. म्हणालो, "काय बाई आहात तुम्ही! तिनं तुमच्यासाठी हाडं झिजवली, आणि चारचौघांत ओळख पुसलीत?"

कुशाबाईंनी दाराकडे बघून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आप्पा, तिची बोटं बघितली का तुम्ही? मी घरी गेले की पुन्यांदा तिच्याच हातात. सुमित कंपनीत, ती पोरगी नवी, शिकलेली. माझं भांडं कोन काढनार? हीच. जल्मभर लोकांचं धुतलं हिनं. नवऱ्याचं धुतलं, हितल्यांचं धुतलं, माझं धुतलं. एक दिस तरी उठून नुसता चा पिऊन बसू द्या की तिला. मी न्हाई येत म्हनून सांगून ती ऐकनार हाय व्हय? म्हनून तोडलं. तुम्ही सांगू नका तिला." आणि तोंड भिंतीकडे करून पडल्या. मुक्ताबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी मिश्रीची पुडी काढून कुशाबाईंच्या उशीखाली सारली.

मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम रांजणगावला गेलो आणि सोजरबाईंना शब्दन् शब्द सांगितला. राजश्रीने चहा केला होता. सोजरबाई कप हातात धरून ऐकत होत्या. मी म्हणालो, "म्हातारीला तुम्हाला सुट्टी द्यायचीय. घ्या आता. रविवारी भेटायला येत जा." त्यांनी "व्हय" म्हटलं. दुसरं काही नाही. परत येताना मला वाटलं, चला, एका तरी माणसाची सुटका झाली.

सोमवारी नवी बाई येणार होती, ती आलीच नाही. मी बाह्या सरसावून, शिव्या घालत पहिलं भांडं उचललं, तर मागून कुणीतरी ते हातातून काढून घेतलं. सोजरबाई. कमरेला पदर खोचलेला. काही विचारायच्या आत त्या कामाला लागल्या होत्या. एकेक खाट करत कुशाबाईंपाशी पोचल्या. त्यांना बघून कुशाबाई ताडकन उठून बसल्या. त्यांना इतकं चिडलेलं मी कधी बघितलं नव्हतं. 

"कशाला आलीस? जा म्हनलं न्हवं तुला? कशाला आलीस परत?"

सोजरबाईंनी त्यांची उशी झटकली, त्यांना हळूच एका कुशीवर वळवलं, आणि पाठीला पावडर लावता लावता म्हणाल्या,

"तुम्हाला कोन न्हाई म्हन्ता ना कुशाबाई? मंग मी नको का यायला?"